फुली नसलेला पॉज

"इथं मारू का फुली?"

मुखरू मामांनी कानामागची पेन्सिल काढली, जिभेला लावली आणि माझ्या कागदावर टेकवून थांबले. शिलाई मशीनवर कुणाचा तरी अर्धा शिवलेला ब्लाउज लोंबत होता, मामी आतून ओरडत होती की पाटलीणबाईचा माणूस दोनदा येऊन गेला, आणि मामांचं लक्ष फक्त माझ्या त्या दोन पानांवर.

"इथं नको मामा. 'मी त्याला बघितलं' याच्यानंतर. तिथे मी पॉज घेणार आहे."

"किती मोठा?"

"किती म्हणजे?"

"अवो बाई, एक श्वास का दोन श्वास? मले अंदाज पायजे ना. नाईतर मी मधातच शब्द देऊन टाकीन."

"दोन."

त्यांनी फुली मारली. शेजारी बारीक अक्षरात २ लिहिला.

हे कुठून काढलं मी, असं तोंड करू नका. उद्या तुम्ही दोघं ऑडिशनला चाललात, आणि मघाशी तेजस म्हणाला ना, हर्षू, त्या सिनेमातला तुझा तो पॉज आम्हाला शिकव, तोच घेऊन जातो उद्या. शिकवते. पण मग सगळं ऐकावं लागेल, आणि मधे बोलायचं नाही.

तर मी तेव्हा एकोणीस वर्षांची. वडशाला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि सीझनमध्ये नाटक कंपनीत छोटी छोटी कामं. आमच्या झाडीपट्टीत, नागपूरच्या पूर्वेकडच्या त्या जंगलपट्ट्यात, दिवाळी ते होळी नाटकंच नाटकं असतात, आज या गावी मंडप, उद्या त्या गावी, आणि एका कंपनीची सात-आठ नाटकं एकाच वेळी चालू. एवढं पाठ कोण करणार? म्हणून आमच्याकडे प्रॉम्टर लागतोच. तो विंगेत स्टुलावर बसतो, मांडीवर वही, आणि नट अडकला की वाक्याचा पहिला शब्द देतो. जाहिरातीच्या कागदावर त्याचं नाव नसतं. कधी असलंच तर मंडप डेकोरेशनवाल्याच्या खाली.

मुखरू लांजेवार आमच्या कंपनीचे प्रॉम्टर. बत्तीस वर्षं. माझे सख्खे मामा नाहीत, अख्ख्या कंपनीचे मामा. सीझन नसला की ब्लाउज शिवायचे. आणि आवाज कसा सांगू, कुजबुजच, पण ती कुजबुज पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायची नाही आणि स्टेजच्या पार त्या टोकाला उभ्या नटाच्या कानात बरोब्बर जाऊन बसायची. जसा काही त्याला तो शब्द स्वतःलाच आठवला.

पण खरी गंमत ती नाही. खरी गंमत ही की मामा कधी नटाकडे बघायचेच नाहीत. मान खाली, डोळे वहीत. मग याला कळतं कसं की समोरचा विसरलाय? आमची हिरॉईन वंदनाताई रडण्याच्या सीनमध्ये लांबच लांब थांबायची, मंडपात सगळे नाक ओढायचे, आणि मामा गप्प. आणि दुसरा कुणी अर्ध्या सेकंदासाठी चाचरला की शब्द हजर. एकदा मी विचारलंच.

"कान," मामा म्हणाले. "विसरलेला मानूस श्वास वर ओढते आन् गऱ्यात अडकवते. थांबनारा मानूस श्वास खाली सोडते. वरचा ऐकला का मी शब्द देतो. खालचा ऐकला का गप बसतो. यात काय आहे मोठं?"

गऱ्यात म्हणजे गळ्यात. आमच्याकडे ळ चा र होतो. सकाळ नाही, सकार. डोळा नाही, डोरा. आणि इथेच माझी पंचाईत होती.

झालं असं की एप्रिलमध्ये नागपूरला एका सिनेमाची ऑडिशन लागली. मुंबईची माणसं येणार होती, अठरा ते बावीसची मुलगी हवी होती, आणि दोन पानांचा सीन मोबाइलवर आला होता. सीन एवढाच. घर सोडून गेलेला भाऊ बहिणीला एसटी स्टँडवर दिसतो, आणि ती घरी येऊन आईला ते सांगते. मी तो सीन इतक्या वेळा वाचला की मोबाइलची काच पुसट झाली, मग कागदावर उतरवून घेतला. मला तो रोल हवा होता. हवा म्हणजे कसा, तर मी देवाला सांगितलं होतं की यानंतर काही मागणार नाही. खोटं होतं ते, पण सांगितलं होतं.

आई म्हणाली, मुखरूभाऊ सोबत असतील तर जा, नाहीतर नाही. मामांना विचारलं तर ते मशीनवरून उठलेच. ऐन लग्नसराई होती, ब्लाउजचा ढीग पडला होता, मामीने कपाळाला हात लावला. पण मामा आठ दिवस रोज दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून माझ्यासमोर बसले. आईची वाक्यं ते वाचणार, बहिणीची मी बोलणार.

"क्यू कानात बसव," ते सांगायचे. "समोरच्याचे शेवटचे दोन शब्द. ते पडले का तुह्यं वाक्य आपोआप निंगते. अर्थाच्या मागं नको लागू, शब्दाच्या मागं लाग."

आणि माझा ळ. सीनमध्ये एक वाक्य होतं, 'पाठमोरा होता, पण मला कळलं तोच आहे.' आणि माझ्या तोंडून दर वेळी निघायचं, 'मले करलं.' मामा हसून हसून खोकायचे.

"मामा, तुम्ही नका हसू. तुमचा तरी कुठे लागतो?"

"माह्या कायले लागते? मी दिसतो का कोनाले? तू दिसनार आहेस. म्हन. काळा, गळा, डोळा."

गंमत बघा, मला शिकवताना त्यांचा ळ लागायचा. रोजच्या बोलण्यात नाही. मी कपडे धुताना, कॉलेजात जाताना, सगळीकडे काळा गळा डोळा सकाळ. शेजारची काकू आईला म्हणाली, पोरीला काही झालंय का?

ऑडिशनच्या दिवशी पहाटेची एसटी पकडली. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड, आणि अख्खा रस्ता मामा आई आणि मी बहीण. मागच्या सीटवरच्या एका आजीने शेवटी मामांच्या खांद्याला हात लावून विचारलं, "कोन गेला जी घरातून? पोरगा का?" मामांनी खरं सांगितलं असतं तर तिचा विरस झाला असता. ते म्हणाले, "हो माय. येईल परत." आजीने आम्हाला दोन संत्री दिली.

हॉल एका डान्स क्लासचा होता, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात ही गर्दी. मुली अशा की मी वहिनीचा मागून आणलेला कुर्ता सारखा खाली ओढत होते. माझा नंबर एकसष्ट. मामांनी पांढरा शर्ट घातला होता, स्वतः शिवलेला, खिशात माझी ती दोन पानं आणि कानामागे पेन्सिल.

"ती पेन्सिल तरी काढा मामा."

"राहू दे. कान मोकरा मोकरा वाटते."

माझ्या शेजारची एक मुलगी हसली. पुण्याची होती बहुतेक. मी थोडी सरकून बसले. मामांपासून सरकले मी, तिच्यापासून नाही. हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

एकसष्ट नंबर आला. आत एक मालविका मॅडम, पाय वर घेऊन खुर्चीत बसलेल्या, आणि कॅमेऱ्यामागे एक दाढीवाला. तोच आईची वाक्यं वाचणार होता. उकाडा इतका की कूलर दाराशी लावला होता आणि त्यासाठी दार उघडं. सोबतचे लोक बाहेर खुर्च्यांवर. मामांनी बरोब्बर दाराजवळची खुर्ची धरली होती, आतलं दिसणार नाही अशी. त्यांना दिसायला नकोच होतं म्हणा. मांडीवर पानं, मान खाली. विंगेतच बसले होते ते.

नाव सांगितलं, उंची सांगितली, डावीकडे वळले, उजवीकडे वळले. मॅडम म्हणाल्या, "कर सुरू."

दाढीवाल्याने वाचलं, "तो कुठे दिसला?" बातम्या वाचतात तसं, सरळसोट.

"स्टँडवर. पाठमोरा होता, पण मला कळलं तोच आहे. मी त्याला बघितलं."

ळ लागला. पुरता नाही, पण लागला. दोन श्वास पॉज घेतला, ठरल्यासारखा. बाहेर मामा गप्प. "तो चहा पीत होता. दाढी वाढली होती."

आता आईचं वाक्य होतं, 'मग घेऊन का नाही आलीस त्याला?' आठ दिवस माझ्या कानात तेच बसलं होतं. आलीस त्याला, हे शब्द पडले की माझं वाक्य निघणार. पण दाढीवाल्याला कंटाळा आला असणार, सकाळपासून साठ मुलींना वाचून दाखवलं होतं त्याने. त्याने कागदाकडे न बघताच म्हटलं, "बरं. मग?"

आणि मी थांबले.

कूलर घरघरत होता. दाढीवाल्याने मान वर केली. मॅडमनी वर घेतलेला पाय खाली ठेवला. मी कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत होते, जिथे आई असायला हवी होती तिथे. एक. दोन. तीन.

आणि दारातून कुजबुज आली.

"हाक नाई मारली..."

मंडपात ती फक्त मला ऐकू आली असती. इथे खोली छोटी होती, आणि माझ्या कुर्त्याला माईक होता.

"कट. कोण आहे? कोण बोललं बाहेरून?"

मामा दारात येऊन उभे राहिले. पेन्सिल कानामागे. "मीच जी मॅडम. शब्द देला."

"शब्द दिला म्हणजे?"

दाढीवाला हसायला लागला होता. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. बाहेरून दोन-तीन मुलींनी माना आत घातल्या, त्यात ती पुण्याचीही होती. आणि मी, यार, मी एका श्वासात बोलून टाकलं.

"सॉरी मॅम. आमच्याकडचे प्रॉम्टर आहेत ते. मी पॉज घेतला होता. त्यांना पॉज वगैरे कळत नाही."

कळत नाही. आठ दिवस, काळा गळा डोळा, आणि तो ळ माझ्या जिभेवर पहिल्यांदा इतका स्वच्छ लागला. टाळूला जिथे लागायला हवा तिथेच.

सगळे हसले. वाईट नाही हसले, पण हसले. मॅडमसुद्धा. "काका, जरा लांब बसा हं. जिन्यापाशी."

मामांनी माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांत कुठल्या नटाकडे बोलताना न बघितलेला माणूस. रागावले नव्हते. गोंगाटात नीट ऐकू आलं नाही की माणूस कसा तोंडाकडे बघतो, तसे बघत होते.

"चुकलं जी," म्हणाले, आणि गेले.

मॅडम पुढे झुकल्या. "ऐक. तो पॉज मला हवाय. बाकीचं कसंही कर, पण तो तसाच्या तसा. आणि तू" हे दाढीवाल्याला, "तसंच म्हण, बरं, मग."

मी केलं. तसंच्या तसं. एक, दोन, तीन, आणि मग, "मी हाक नाही मारली, आई. मारली असती तर तो थांबला असता. म्हणूनच नाही मारली." दाढीवाला हसायचा थांबला होता.

मामा जिन्यात पाण्याच्या माठाजवळ उभे होते. "जमलं?"

"जमलं बहुतेक."

"बस झालं मंग. चाल, तर्रीपोहे खाऊ."

पोहे खाताना ते खूप बोलले. नागपुरात केव्हातरी आले होते, कुठे कापड घेतलं होतं, काय काय. त्या खोलीबद्दल एक शब्द नाही. एसटीत बसलो, उमरेड गेलं, आणि त्यांनी खिशातून पानं काढली.

"बाई, इथं फुली नव्हती."

"कुठे?"

"'हाक नाई मारली'च्या अगोदर. मी पाह्यलं ना. फुली एकच होती, तिकडं वर."

"ऐनवेळी सुचलं मामा. अॅक्टिंग अशीच असते. सगळं ठरवून नसतं."

"असं असते का?" त्यांनी मान हलवली. पानाची घडी केली, परत उघडली. "पन मले वरचा वाटला."

"काय वरचा?"

"श्वास."

मी खिडकीबाहेर बघत होते. "नाही मामा. खालचा होता."

भिवापूर आलं. मला वाटलं झोपले. मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हन्जे आता कान गेला म्हना." आणि कानामागची पेन्सिल काढली, जिभेला लावली, आणि एसटी एवढी हलत असताना पान गुडघ्यावर धरून त्या वाक्याआधी फुली मारली.

"किती श्वास होता?"

"तीन."

त्यांनी ३ लिहिला. गचक्याने तो वाकडा आला, तर खोडून परत लिहिला.

रोल मला मिळाला. चार सीन, पण तो एक सीन असा की नंतर सगळ्यांनी तोच धरला. तुम्हीही धरलात. मुलाखतीत मला विचारलं, तो पॉज कसा सुचला, आणि मी म्हटलं, ती मुलगी त्या क्षणी स्वतःलाच विचारत असते वगैरे. छान बोलले होते मी. आवडलं होतं लोकांना.

मग पुढचं काम, मग पुणे, मग तुम्ही सगळे. दिवाळीला घरी जायचं म्हणता म्हणता दोन दिवाळ्या गेल्या. आणि दुसऱ्या सीझनमध्ये एका दुपारी वंदनाताईचा फोन आला. मला वाटलं सिनेमात काम मागायला केलाय. तर ती मामांबद्दल बोलायला लागली.

"हर्षाली, त्या मुखरू मामाले काय झालं गं? शब्दच देत नाई. काल मी अडकली, चक्क अडकली, साऱ्या मंडपासमोर. विंगेकडे पाह्यते तं वहीवर बोट ठेवून माह्या तोंडाकडे पाहून रायले! कदी पाहत नव्हते. मागून विचारलं, मामा शब्द काऊन नाई देला, तं म्हनते, मले वाटलं पॉज आहे."

"थकले असतील ताई."

"थकले कायचे? सगऱ्यांसोबत तेच करून रायले. आन् वरून नाटकाच्या अगोदर सगऱ्यांपाशी जाते, पेन्सिल घेऊन. म्हनते, तुमचे पॉज कुठं कुठं आहेत तेवढे सांगून ठेवा, मी फुल्या मारतो. आता चालू नाटकात कोन फुल्या पाहून थांबते? मालक वैतागले. दुसरा मानूस पाहून रायले."

मी म्हटलं, मी बोलते मामांशी. नाही बोलले. रिहर्सल होती, मग शूट होतं, मग फोन करायला एवढा उशीर झाला होता की उशीर का झाला तेच आधी सांगावं लागलं असतं. सीझन संपायच्या आत कंपनीने नवा प्रॉम्टर ठेवला. मामा आता बारा महिने ब्लाउजवर.

काय तेजस? हो. तेच. नव्हता रे पॉज. मी विसरले होते. दाढीवाल्याने क्यू बदलला आणि माझ्या डोक्यात पांढरं पांढरं झालं, काही म्हणजे काही नव्हतं तिथे. श्वास असा वर गेला होता आणि इथे, गळ्यात अडकला होता. त्या माणसाने कूलरच्या आवाजातून, भिंतीच्या पलीकडून, मान खाली घालून तो ऐकला होता. तो कधीच चुकला नव्हता. आणि मी त्याला सांगितलं की चुकलास, आणि त्याने माझं ऐकलं. स्वतःच्या कानापेक्षा माझं.

मागच्या मे महिन्यात गेले शेवटी. ठरवूनच गेले की सांगायचं. दुकानात दोन बायका ब्लाउज न्यायला आलेल्या, आणि मला बघून मामांना एवढा आनंद झाला की ते तिथेच सुरू झाले.

"हीच ती हर्षाली! हिचाच तो पॉज. आन् मी किती येडा सांगू? नागपूरले ऑडिशनमध्ये ही एवढा भारी पॉज घेऊन उभी, मॅडम पाहून रायली, कॅमेरा चालू, आन् मी बाहेरून शब्द देऊन टाकला! हाक नाई मारली! त्या मॅडमनं मले जिन्यात नेऊन बसवलं!" बायका हसल्या. मामाही हसले, खोकेपर्यंत. दिसतच होतं की हा किस्सा त्यांनी पन्नासदा सांगितलाय, आणि दर वेळी त्यात वेडे तेच.

"मामा गमतीचे आहेत बापा," एक बाई म्हणाली. मीही हसले. हो, हसले मी.

बायका गेल्या. मामी चहा ठेवायला आत गेली. मामांनी मशीनचा खण उघडला, रिळांखालून एक घडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. ती दोन पानं. पहिली फुली, तिच्याशेजारी २. खाली दुसरी फुली, खोडलेला ३, परत लिहिलेला ३.

"एक विचारू का, बाई? रागावशील नको."

"विचारा ना मामा."

"आता मी कोनाले सांगनार नाई. मी काई त्या कामात नाई आता, तं कोनाले काई फरक बी नाई पडत. फक्त माह्या कानासाठी पायजे मले." त्यांनी दुसऱ्या फुलीवर बोट ठेवलं. "हा श्वास. वरचा होता का खालचा?"

हेच सांगायला आले होते मी. दोन शब्द होते. वरचा होता. एसटीत अख्खा रस्ता घोकत आले होते, पूर्वी काळा गळा डोळा घोकायचे तसं. मी तोंड उघडलं.

आणि श्वास वर गेला. वर जाऊन अडकला.

मामांनी मान खाली घातली. एकदम. विंगेत घालायचे तशी, कान माझ्याकडे. मी बघत होते. त्यांचे ओठ हलले. शब्द आला होता त्यांच्या ओठांवर, पहिलं अक्षर तर मला दिसलं, व. बत्तीस वर्षांच्या सवयीने तो आलाच होता. त्यांनी तो दिला असता तर मी घेतला असता, शपथ सांगते, घेतला असता.

आत स्टोव्ह भडकला. मामांनी ओठ मिटले.

"घे, घे," हळूच म्हणाले. "पॉज आहे."

आणि पानाची घडी करून ती परत रिळांखाली ठेवली, आणि मशीनवर पाय ठेवला.